जंगलाच्या मातीत कोण काय खातं? स्थिर समस्थानिकांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

त्र्यंबक, हरसूल, पेठ या पट्ट्यातल्या जंगलात पाचोळा चाळताना आम्हाला पाहिलेल्या माणसांनी, नाशिकच्या महाविद्यालयांत प्रकल्प करणाऱ्या विद्यार्थ्यांनी आणि जंगलाला लागून शेती असलेल्या काही शेतकऱ्यांनी पाठवलेले हे प्रश्न आहेत. पाचोळ्यातले आणि मातीतले प्राणी काय खातात, हे त्यांच्या अंगातले स्थिर समस्थानिक यंत्राने मोजून आम्ही शोधतो. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न एकत्र केले आहेत. सुरुवातीचे सोपे आहेत, पुढे पुढे अडचणीचे. एखादी गोष्ट आधी आली असेल तर तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. समस्थानिक म्हणजे काय? ‘स्थिर’ म्हणजे किरणोत्सर्गी नाहीत ना?

नाहीत. एकाच मूलद्रव्याचे, पण वजनाला वेगळे असलेले अणू म्हणजे समस्थानिक. कार्बनच्या केंद्रकात सहा प्रोटॉन ठरलेले असतात. न्यूट्रॉन सहा असतील तर तो कार्बन-१२, सात असतील तर कार्बन-१३. हे दोन्ही फुटत नाहीत, किरणं सोडत नाहीत, म्हणून स्थिर. निसर्गातल्या दर हजार कार्बन अणूंत साधारण ११ कार्बन-१३ असतात. नायट्रोजनमध्ये जड भाऊ आणखी दुर्मिळ: दहा हजार अणूंत सुमारे ३७ नायट्रोजन-१५. तुमच्या ताटातल्या नागलीच्या भाकरीतही ते आहेतच. कार्बन-१४ मात्र किरणोत्सर्गी आहे. त्याचा एक वेगळा उपयोग प्र. १६ मध्ये आला आहे.

२. प्राणी काय खातो हे निरीक्षणाने कळत नाही का? एवढं यंत्र कशाला?

वाघाचं कळतं, गाईचं कळतं. पण सागाच्या ओल्या पानाखाली दोन मिलिमीटरचा स्प्रिंगटेल (उड्या मारणारा बारीक जीव) बसलेला असतो, तेव्हा तो पान खातोय, पानावरची बुरशी खातोय की बुरशीवरचे जिवाणू, हे भिंगातूनही सांगता येत नाही. पोट फाडून पाहिलं तर सगळ्यांच्या पोटात एकच काळपट लगदा. कोळी आणि काही माइट (कोळ्याच्या नात्यातले बारीक जीव) तर भक्ष्य बाहेरच विरघळवून त्याचा रस शोषतात, त्यामुळे पोटात ओळखू येईल असं काही उरतच नाही. शिवाय पोटातलं अन्न म्हणजे शेवटचं जेवण. शरीराच्या ऊतींत मात्र आठवड्यांचा, कधी महिन्यांचा आहार साठलेला असतो, आणि समस्थानिकं तो वाचतात.

तरीही निरीक्षण सोडू नका. आकड्याचा अर्थ लावायला शेवटी निरीक्षणच लागतं.

३. अहवालात ‘डेल्टा कार्बन-१३ उणे २७’ असं येतं. उणे म्हणजे कार्बन कमी आहे का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. उणे म्हणजे कार्बन कमी नव्हे. जड आणि हलक्या अणूंचं गुणोत्तर एका ठरलेल्या मापकाच्या तुलनेत कमी आहे, एवढाच त्याचा अर्थ. नमुन्याचं गुणोत्तर मापकाच्या गुणोत्तराने भागायचं, त्यातून एक वजा करायचा आणि हजाराने गुणायचं. म्हणून एकक टक्के नव्हे, ‘पर मिल’, म्हणजे हजारी. उणे २७ म्हणजे मापकापेक्षा कार्बन-१३चं प्रमाण हजारी २७ने कमी.

कार्बनचं मूळ मापक अमेरिकेतल्या दक्षिण कॅरोलायनातल्या पीडी खडकांत मिळालेला बेलेम्नाइट या समुद्री प्राण्याचा जीवाश्म होता. तो केव्हाच वापरून संपला, आता त्याच्याशी जुळवलेली ‘व्हिएन्ना पीडीबी’ ही मोजपट्टी चालते. त्या जीवाश्मात कार्बन-१३ जास्त असल्याने जमिनीवरची झाडं, किडे, माणसं जवळजवळ सगळी उणे येतात. नायट्रोजनचं मापक हवेतला नायट्रोजन, त्यामुळे तिथे आकडे शून्याच्या दोन्ही बाजूंना दिसतात.

४. कोण कोणाला खातं हे नायट्रोजनवरून कसं कळतं?

प्राणी नायट्रोजनयुक्त टाकाऊ पदार्थ बाहेर टाकतो तेव्हा हलका नायट्रोजन-१४ जरा जास्त निघून जातो आणि जड मागे राहतो. म्हणून खाणाऱ्याचं शरीर अन्नापेक्षा थोडं जड होतं. त्याला खाणारा आणखी जड. मिनागावा आणि वाडा यांनी १९८४ मध्ये अनेक प्राण्यांच्या मोजमापांवरून ही पायरी सरासरी ३.४ पर मिल असल्याचं दाखवलं. आजही तोच आकडा सर्रास वापरला जातो.

समजा पाचोळा उणे १ आणि गोम अधिक ६ आली. फरक ७, भागिले ३.४, म्हणजे दोन पायऱ्या. गोम पाचोळा खाणाऱ्याला खाणारी, असं ढोबळपणे म्हणता येईल. ३.४ ही सरासरी आहे हे मात्र विसरू नका. पाचोळा खाणाऱ्यांची पहिली पायरी बहुधा याहून लहान निघते, उपाशी प्राण्यांत फरक वाढतो (प्र. २१), आणि सगळा हिशेब पाचोळ्याच्या आकड्यावर उभा असतो (प्र. ६).

५. मग कार्बन कशाला मोजायचा?

कार्बन दर पायरीला फारच थोडा सरकतो, अर्धा-एक पर मिल. म्हणून तो पायरी सांगत नाही, अन्न मुळात कुठल्या झाडाचं ते सांगतो. हवेतला कार्बन घेण्याच्या पद्धतीवरून बहुतेक वनस्पतींचे दोन गट पडतात. साग, ऐन, पळस, करवंद, कारवी, भात, द्राक्ष, कांदा या ‘सी-३’ वनस्पती, साधारण उणे २८च्या आसपास. कुसळी, मारवेल, ज्वारी, बाजरी, मका, ऊस, नागली, वरई या ‘सी-४’, साधारण उणे १३. दोन्हींत १५ पर मिलचं अंतर. हरसूलच्या उतारावर साग विरळ होऊन कुसळी सुरू होते तिथे तो नाकतोडा किंवा ती वाळवी कुठल्या बाजूचं खाते, हे या अंतरावरून दिसतं. बंद छताच्या जंगलात सगळंच सी-३, तिथे कार्बनचा हा उपयोग संपतो.

एक अपवाद: उघड्या कातळावरचे थोर आणि निवडुंग रात्री कार्बन घेतात. त्यांचे आकडे सी-४च्या जवळ जाऊ शकतात. आजूबाजूला थोर असेल तर त्याचंही पान किंवा खोड मोजा.

६. ‘आधाररेषा’ म्हणजे काय? आम्ही फक्त प्राणी पाठवले तर चालणार नाही का?

चालणार नाही. या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

प्राण्याचा आकडा एकटा काहीच सांगत नाही. अधिक ५ ही गोम एका जंगलात भक्षकांची भक्षक असेल आणि शेजारच्या जंगलात जेमतेम एक पायरी वर असेल, कारण तिथला पाचोळाच जड आहे. ज्या जागी प्राणी सापडला तिथलाच पाचोळा, मुळं आणि माती मोजल्याशिवाय पायऱ्या मोजायला जमीनच नसते.

आणि पाचोळा म्हणजे एक गोष्ट नव्हे. पळस, शिसम, खैर ही शेंगांच्या कुळातली झाडं. मुळांवरच्या गाठींतून ती हवेतला नायट्रोजन घेत असतील तर त्यांची पानं शून्याजवळ येतात. साग तसं करत नाही. सावलीतली खालची पानं माथ्यावरच्या पानांपेक्षा कार्बनमध्ये काही पर मिलने हलकी असतात. यंदा गळलेलं कोरडं पान, त्याखालचं गेल्या वर्षीचं जाळीदार पान आणि तळाचा कुजका चुरा या तिन्हींचे आकडे वेगळे. मातीत खाली जाल तसं नायट्रोजन-१५ वाढतं, कार्बन-१३ही वाढतं.

पहिल्या वर्षी आम्ही एका जागेचा पाचोळा एकदाच, तोही वरवरचा, उचलला होता. पावसाळ्यात गोळा केलेल्या गांडुळांचे आकडे त्याच्याशी ताडले तेव्हा सगळी गांडुळं मांसाहारी ठरत होती. वर्षभराची मेहनत पाचोळ्याच्या चार पिशव्यांनी वाचली असती. आता प्रत्येक चौकटीतून नवं पान, जुनं पान, चुरा, वरची पाच सेंटिमीटर माती आणि बारीक मुळं असे पाच वेगळे नमुने घेतो, प्राण्यांच्या आधी.

७. गांडूळ, पैसा, वाळवी हे सगळे पालापाचोळा खातात असं पुस्तकात आहे. ते खरं आहे ना?

अर्धं खरं आहे. सगळ्यांनी आपल्याला तेच शिकवलं म्हणून हे जरा सविस्तर सांगतो.

पाचोळ्यावर जगणाऱ्या प्राण्यांचा कार्बन मोजला की तो पाचोळ्यापेक्षा तीन-चार पर मिलने जड निघतो. एका पायरीत कार्बन एवढा सरकत नाही (प्र. ५). म्हणजे हे प्राणी पान जसंच्या तसं वापरत नाहीत. पानावर वाढलेली बुरशी आणि जिवाणू किंवा त्यांनी आधीच पचवलेला भाग त्यांच्या अंगी लागतो. जगभरच्या जंगलांत हा फरक इतका नेमाने दिसतो की अभ्यासक त्याला स्वतंत्र नावाने ओळखतात. पान म्हणजे ताट, जेवण त्यावरची बुरशी, असं म्हटलं तर फार चुकणार नाही.

दुसरा धक्का स्वित्झर्लंडमधून आला. बासेलजवळ होफ्स्टेटनच्या जंगलात मोठ्या झाडांच्या माथ्याला क्रेनच्या मदतीने काही वर्षं वेगळ्या समस्थानिक खुणेचा कार्बन डायऑक्साइड दिला गेला. मग खूण असलेला पाचोळा खूण नसलेल्या झाडांखाली आणि बिनखुणेचा खूण असलेल्या झाडांखाली, अशी अदलाबदल केली. २००७ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा दिसलं की मातीतल्या बहुतेक प्राण्यांच्या अंगातला कार्बन गळलेल्या पानांपेक्षा मुळांवाटे जास्त आला होता. भक्षक प्राण्यांतही तेच. पाचोळा झाडून नेला आणि झाडं तोडली, या दोन गोष्टी मातीतल्या प्राण्यांना सारख्या नाहीत, हे त्यातून नीट कळतं.

८. हे सगळं युरोपात. नाशिकच्या सागवनात तसंच असेल का?

तसंच असेल असं गृहीत धरू नका. तिथल्या बीच, ओक, पाइन या झाडांच्या मुळांवर बाहेरून आवरण करणारी सहजीवी बुरशी असते. तिची फळं, म्हणजे छत्र्या, नायट्रोजन-१५मध्ये बऱ्याच जड येतात. म्हणून तिथे ‘नायट्रोजन जड म्हणजे बुरशी खाणारा’ असा अंदाज बांधता येतो. साग आणि ऐनाच्या मुळांत मात्र पेशींच्या आत शिरणारी वेगळ्या प्रकारची बुरशी असते. ती तशा छत्र्या काढत नाही, आणि तिच्या बाबतीत तो संकेत चालत नाही. जवळपास निलगिरीची लागवड असेल तर तिथे दोन्ही प्रकार सापडू शकतात.

दुसरं, आपला उन्हाळा. तिकडे माती हिवाळ्यात थंडीने झोपते, इकडे मार्च ते मे कोरडी ठणठणीत होते. सागाचं पान कुजण्याचं खरं काम पावसाच्या चार महिन्यांत होतं.

९. नमुने कोणत्या महिन्यात घ्यावेत?

एकाच वेळी जमणार असेल तर ऑगस्टचा उत्तरार्ध. दोनदा जमलं तर पहिल्या पावसानंतर पंधरा दिवसांनी आणि पुन्हा ऑक्टोबरात. जुलै ते सप्टेंबरमध्ये सागाची पानं अळ्या चाळणीसारखी करतात. त्या अळ्यांची विष्ठा आणि पानांचे तुकडे खाली पडत राहतात, हे ताजं आणि नायट्रोजनने भरलेलं अन्न असतं. त्या दिवसांत घेतलेला प्राण्यांचा आकडा जानेवारीत पडलेल्या पानाशी ताडू नका. त्या विष्ठेचाही नमुना घ्या, झाडाखाली पांढरं कापड पसरलं की सकाळपर्यंत पुरेशी मिळते.

इगतपुरीचा घाटमाथा आणि नाशिक शहराची पूर्व बाजू यांच्या पावसात कित्येक पटींचा फरक आहे. दोन्हीकडचे नमुने एकाच तक्त्यात टाकण्याआधी दोन्हीकडच्या आधाररेषा वेगळ्या ठेवा.

१०. प्राणी गोळा कसे करायचे आणि ठेवायचे कशात?

मोठे हाताने, चिमट्याने: गोम, पैसा, विंचू, कोळी, झुरळं. (घोणीला, म्हणजे मोठ्या गोमेला, लांब चिमटा वापरा.) बारीकांसाठी बर्लेसे-टुलग्रेन नरसाळं: वर चाळणीत पाचोळा, त्यावर साधा बल्ब, खाली बाटली. उष्णतेने वरून कोरडं होत जातं, प्राणी ओल शोधत खाली उतरतात आणि बाटलीत पडतात. पत्र्याचं नरसाळं आणि बल्ब एवढ्यात घरी करता येतं. बल्ब कमी वॅटचा घ्या, नाहीतर ते वाटेतच वाळून मरतात.

ठेवायला सर्वांत चांगलं म्हणजे गोठवणं. ते जमत नसेल तर त्याच दिवशी ६० अंशांवर ओव्हनमध्ये वाळवा आणि घट्ट झाकणाच्या कुपीत ठेवा. स्पिरिटमध्ये ठेवायची वेळ आलीच तर सगळे नमुने एकाच प्रकारच्या स्पिरिटमध्ये आणि शक्य तितके कमी दिवस. स्पिरिट चरबी विरघळवतं, त्याने कार्बनचा आकडा थोडा हलतो. नायट्रोजन बराच शाबूत राहतो. फॉर्मलिन नको, त्यात स्वतःचा कार्बन असतो.

११. गांडुळाच्या पोटात माती असते, गोगलगायीला शंख असतो. ते तसंच दळायचं?

दळायचं नाही. गांडूळ ओल्या कागदावर एक-दोन दिवस ठेवा, पोट रिकामं होऊ द्या, मग फक्त अंगभिंतीचा तुकडा घ्या. गोगलगायीचं मांस शंखापासून काढून घ्या. पैशाच्या कवचात चुना असतो. त्या चुन्यातल्या कार्बनचा आहाराशी सरळ संबंध नसतो आणि तो आकडा वर खेचतो. म्हणून आतलं मांस घ्या, किंवा भुकटीवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकून बुडबुडे थांबेपर्यंत चुना काढा. आम्लाने नायट्रोजन बिघडू शकतो, तेव्हा नायट्रोजनसाठी बिनआम्लाचा वेगळा भाग ठेवा.

हेच मातीला लागू आहे. आपल्याकडच्या काळ्या मातीत चुनखडीचे खडे असतात. घाटाकडच्या तांबड्या मातीत ते बहुधा नसतात, तरी एक थेंब टाकून पाहायला वेळ लागत नाही.

१२. माइट तर दिसतही नाही. एकटा माइट यंत्राला पुरतो का?

नेहमीच्या जोडणीत नाही. प्राण्याची अर्धा ते एक मिलिग्रॅम कोरडी भुकटी लागते. लहान माइट काही मायक्रोग्रॅमचा असतो, म्हणून एकाच जातीचे पुष्कळ, कधी शंभराहूनही जास्त, एका कथिलाच्या कुपीत भरावे लागतात. एकाच जातीचे, हे महत्त्वाचं. ‘माइट’ असं एकत्र भरलंत तर बुरशी खाणारा, शेवाळ खाणारा आणि शिकारी तिघांची सरासरी हाती येईल, आणि तसा प्राणी जंगलात कुठेच नसतो. काही प्रयोगशाळांनी फार लहान नमुन्यांसाठी खास जोडण्या केल्या आहेत. पाठवण्याआधी विचारून घ्या.

१३. यंत्र कसं चालतं? ते कुठे आहे?

कथिलाची कुपी सुमारे हजार अंशांच्या नळीत पडते, प्राणवायूत पेटते, सगळ्याचा कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजन वायू होतो. दोन्ही वेगळे होऊन समस्थानिक गुणोत्तर मोजणाऱ्या वस्तुमान वर्णपटमापीत जातात, तिथे चुंबक जड आणि हलके रेणू वेगळ्या वाटांनी वळवतो. आपल्याला जवळची नावं म्हणजे पुण्याची भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था आणि अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळा. बाहेरच्यांचे नमुने घेण्याची पद्धत प्रत्येक ठिकाणी वेगळी असते, महाविद्यालयाच्या विभागप्रमुखांच्या पत्रासह विचारा.

१४. जंगलातून किडे आणायला परवानगी लागते का?

हो. वनविभागाची लेखी परवानगी आधी घ्या. गावाला सामूहिक वनहक्क मिळाला असेल तर ग्रामसभेलाही विचारा, आणि जैवविविधता व्यवस्थापन समितीला कळवा. नमुने देशाबाहेर पाठवायचे असतील तर जैवविविधता कायदा, २००२ लागतो आणि चेन्नईच्या राष्ट्रीय प्राधिकरणापर्यंत जावं लागतं.

१५. आमच्या आश्रमशाळेत यंत्र नाही. मुलांनी काय करावं?

नरसाळं करा (प्र. १०), एक चौरस फूट पाचोळा दर पंधरा दिवसांनी चाळा, चित्रं काढा, मोजा, तारीख लिहा. ज्या जागेची अशी वही असते, त्या जागेच्या आकड्यांना उद्या अर्थ लावता येतो. पेठ-सुरगाण्याची मुलं कुठला किडा कुठल्या झाडाखाली कधी निघतो ते आमच्यापेक्षा जास्त जाणतात, हे अनेकदा पाहिलं आहे.

१६. वाळवी लाकूड खाते की बुरशी?

जातीवर अवलंबून आहे. आपल्याकडे वारुळं करणारी वाळवी लाकूड-पानं आत नेते, त्याच्या चुऱ्याचे स्पंजासारखे मळे करते आणि त्यावर बुरशी पिकवते. पावसात वारुळावर उगवणारी अळंबी ती हीच. या वाळवीचा आकडा लाकडाशी थेट जुळत नाही, मधे बुरशी येते. म्हणून वारुळातल्या मळ्याचाही तुकडा मोजा. केवळ लाकडावर जगणाऱ्या काही जाती आतड्यातल्या जिवाणूंकरवी हवेतला नायट्रोजन घेतात, त्यांचा नायट्रोजन शून्याजवळ राहतो. माती खाणाऱ्या जाती याच्या उलट, फार जड.

इथे कार्बन-१४ उपयोगी पडतो. अणुचाचण्यांमुळे १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला हवेतला कार्बन-१४ जवळजवळ दुप्पट झाला आणि नंतर उतरत गेला. वाळवीच्या अंगातलं प्रमाण पाहून तिने खाल्लेला कार्बन झाडाने कोणत्या वर्षांत घेतला ते अजमावता येतं. लाकूड खाणाऱ्यांचं जेवण कधी कधी कित्येक दशकांपूर्वीचं निघतं.

१७. मृगाचा किडा काय खातो? तो पाठवला तर कळेल का?

तो लाल मखमली माइट आहे, आणि मोठा झाल्यावर शिकारी. वाळवी आणि किड्यांची अंडी हे त्याचं खाणं. पहिल्या पावसानंतर थोडेच दिवस वर दिसतो, नंतर मातीत जातो. त्यामुळे जूनमध्ये घेतलेल्या किड्याच्या अंगात बहुतांशी आधीच्या काळातलं अन्न असणार. पिल्लं दुसऱ्या किड्यांच्या अंगावर चिकटून जगतात, म्हणजे एकाच जातीत वयानुसार पायरी बदलते. पाठवायचे असतील तर मोजकेच घ्या. लोक औषधासाठी तो पोत्याने गोळा करतात, ते पाहून वाईट वाटतं.

१८. जंगलाच्या कडेला आमची शेती आहे. युरिया, शेणखत, राब भाजणं, याने आकडे बिघडतात का?

बिघडतात म्हणण्यापेक्षा, ते आकड्यांत उमटतात.

कारखान्यात हवेतून केलेला युरिया शून्याच्या आसपास असतो. शेणखतातून अमोनिया उडून जाताना हलका नायट्रोजन जातो, म्हणून शेणखत बरंच जड, अधिक दहाच्या पुढेही जाऊ शकतं. राबासाठी फांद्या, पाचोळा आणि शेण एका जागी भाजलं की त्या तुकड्याचा नायट्रोजन आजूबाजूपेक्षा वेगळा होतो. गुरं जंगलात बसतात ती जागाही तशीच.

समजा बांधापाशी गोम अधिक ७ आली आणि तुम्ही जंगलातला पाचोळा, उणे १, आधाराला धरलात. गोम दोन पायऱ्यांच्याही वर दिसेल. पण ती शेणखताच्या खाचरातले किडे खात असेल आणि तिथला आधारच अधिक ८ असेल, तर ती आधाराच्याही खाली येते. दोन्ही निष्कर्ष चुकीचे. म्हणून कडेपासून जंगलात शिरताना एका रेषेवर, ठरावीक अंतरावर प्राणी आणि पाचोळा दोन्ही घ्या. शेतात नागली किंवा मका असेल तर कार्बन मदत करतो (प्र. ५). भात असेल तर करत नाही.

हिशेब करताना एक सावधगिरी. उणे २८चं जंगल, उणे १३चं गवत, आणि प्राणी उणे २२. सरळ भागाकार केला तर गवताचा वाटा ४० टक्के. पण प्र. ७ मधला तीनचा फरक आधी वजा केला तर प्राणी उणे २५ धरायचा आणि वाटा २० टक्क्यांवर येतो. एक दुरुस्ती विसरली की उत्तर दुप्पट.

१९. दोन प्राण्यांचे आकडे सारखे आले, म्हणजे ते एकच अन्न खातात?

तसं म्हणता येत नाही. बुरशी खाणारा आणि शेवाळ-पाचोळा मिसळून खाणारा एकाच बिंदूवर येऊ शकतात. उलट आकडे स्पष्ट वेगळे असतील तर आहार किंवा जागा वेगळी आहे, एवढं ठामपणे म्हणता येतं. खात्री करायची तर पोटातला डीएनए, शरीरातली मेदाम्लं, किंवा अमिनो आम्लांचं वेगवेगळं मोजमाप. शेवटच्या पद्धतीत ग्लुटामिक आम्ल पायरीगणिक खूप जड होतं आणि फिनाइलअॅलनिन जवळजवळ तसंच राहतं, त्यामुळे एकाच प्राण्यात पायरी आणि आधाररेषा दोन्ही सापडतात. खर्च मात्र कितीतरी जास्त.

२०. आमच्या नमुन्यात गांडूळ गोमेपेक्षा वर आलं! चूक झाली का?

चूक नसावी. खोल मातीत राहणारी गांडुळं जुना, अनेकदा कुजून पुन्हा वापरला गेलेला सेंद्रिय भाग खातात, आणि तो मुळातच नायट्रोजन-१५मध्ये जड असतो (प्र. ६). गोम वरच्या पाचोळ्यात शिकार करते, तिची सुरुवात हलक्या पायावरून होते. दोघांच्या शिड्या वेगवेगळ्या जमिनीवर उभ्या आहेत. खोलीनुसार माती मोजली असेल तर गांडुळाला त्याच्या खोलीची आधाररेषा द्या, मग ते आपल्या जागी येईल. पोट रिकामं केलं होतं ना, तेवढं मात्र पुन्हा तपासा (प्र. ११).

२१. आकडा किती दिवसांचा आहार सांगतो? उपाशी प्राण्याचं काय?

लहान, झपाट्याने वाढणारा प्राणी काही आठवड्यांत आपल्या ऊती बदलतो. मोठ्या, सावकाश वाढणाऱ्या घोणीला महिने लागतात. कातडीचं कवच टाकेपर्यंत बदलत नाही, म्हणून कात टाकलेला आणि न टाकलेला प्राणी शेजारी ठेवून तुलना करू नका. उपाशी प्राणी स्वतःचीच प्रथिनं वापरतो आणि त्याचा नायट्रोजन जड होत जातो, जणू तो स्वतःला खातोय. मे महिन्यात मातीत दडलेल्या प्राण्यांचे आकडे वाचताना हे लक्षात असू द्या. अंगात चरबी जास्त असेल, म्हणजे कार्बन-नायट्रोजन गुणोत्तर साडेतीनच्या बरंच वर असेल, तर कार्बन हलका दिसतो. तो आहार नसून चरबी असते.

२२. विभागात जुने, स्पिरिटमधले नमुने आहेत. ते वापरता येतील?

नायट्रोजनसाठी सावधपणे, कार्बनसाठी आणखी सावधपणे (प्र. १०). दगडी कोळसा आणि खनिज तेल जाळल्याने हवेतल्या कार्बनमधलं कार्बन-१३चं प्रमाण सतत घटतं आहे. औद्योगिक युगाआधी हवा उणे साडेसहाजवळ होती, आता उणे साडेआठच्या आसपास. पन्नास वर्षांपूर्वीचा विंचू आजच्या विंचवापेक्षा जड निघाला तर आधी त्या पन्नास वर्षांत हवेत पडलेला फरक वजा करा. त्या काळचा पाचोळा नसेल, आणि तो बहुधा नसतोच, तर पायरी काढू नका.

२३. एक कोळी त्याच्या भक्ष्याच्याही खाली आला. आता?

आधी यंत्राची चूक नाही ना ते पाहा: तोच नमुना पुन्हा मोजला तर कार्बनमध्ये ०.१ आणि नायट्रोजनमध्ये ०.२ पर मिलच्या आसपास फरक चालतो, त्याहून जास्त असेल तर गडबड आहे. तसं नसेल तर तुम्ही गृहीत धरलेलं भक्ष्य त्याचं नसेलच. जाळं विणणारा कोळी पाचोळ्यातलं खाण्यापेक्षा ओढ्याच्या पाण्यातून निघालेले डास, माथ्यावरून पडलेले पतंग किंवा शेतातून आलेले तुडतुडे जास्त खातो. त्यांची आधाररेषा वेगळी. जाळ्यातले अवशेष गोळा करा, जवळच्या ओढ्यावरचे उडते किडे मोजा आणि मग तोच कोळी पुन्हा तक्त्यात ठेवून पाहा. यासाठी प्रत्येक नमुन्याची अर्धी भुकटी नेहमी मागे ठेवा, कुपीवर जागा, तारीख आणि झाडाचं नाव लिहून.